वाघ दिसला नाही, म्हणजे नेमकं काय झालं?



विषय वाचून काही मंडळी पडदा आणि प्रोजेक्टर शोधताहेत असं दिसतं. तसलं काही नाही. आमच्याकडे वाघाचा एकही फोटो नाही. (हशा) का नाही, तेही ओघात सांगू. आज आम्हाला जंगल सफारी या गोष्टीचं परीक्षण करायचं आहे. नाटकाचं किंवा पुस्तकाचं करतात तसं. सफारीलाही प्रवेश असतात, नायक असतो, प्रेक्षक असतात, आणि तिकीट तर असतंच.

पूर्वी नोकरीतून मोकळा झालेला माणूस काशी-रामेश्वर करायचा. आता तो ताडोबा करतो, आणि मुलं परदेशात असली तर मसाई मारा करतो. आपल्या अंबड-सिडकोतून दर उन्हाळ्यात किती गट जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्हीही गेलो. तेव्हा ही टीका बाहेरून केलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी शब्द पाहू. 'सफर' हा शब्द अरबीतला. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला. तोच अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. तिथं त्याचा अर्थ साधा आहे, प्रवास. पुढं गोऱ्या शिकाऱ्यांनी तो उचलला. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मुलासह आफ्रिकेत सफारीला गेले. दोघांनी मिळून पाचशेच्या वर प्राणी मारले. 'बिग फाइव्ह' म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. पायी शिकार करायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे असे हे पाच प्राणी, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांची यादी केली. बंदुका गेल्या, पण यादी तशीच राहिली. आज पर्यटक त्याच यादीवर खुणा करत फिरतो. आपल्याकडे एवढंच झालं की पाचांच्या यादीत एकच नाव उरलं.

आता आमचा अनुभव. मे २०२४. ज्येष्ठ नागरिकांचा गट, ताडोबा, मोहर्ली गेट. पहाटे जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. चार तास हिंडलो. चितळ, सांबर, गवे पाहिले. रानकुत्र्यांची टोळी पाहिली. पांढरी लांब शेपटी फडकवत स्वर्गीय नर्तक पाण्यावर आला, तो पाहिला. परत आल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी पहिला प्रश्न आला, "साइटिंग झाली का?" आमच्यातले एक जण म्हणाले, "नाही हो, काहीच दिसलं नाही."

काहीच दिसलं नाही! चार तासांत एवढं पाहिलं, ते सगळं 'काहीच नाही' या खात्यात जमा झालं. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळं 'नाही' हा शब्द कुणी सैल वापरला की आमचे कान टवकारतात. आपल्या परंपरेत 'नसणं' कसं कळतं यावर मोठा खल झालेला आहे. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त 'अनुपलब्धि' हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर पुस्तक दिसत नाही, त्यावरून पुस्तक नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत माठ दिसला नाही, म्हणून माठ नाही असं म्हणता येत नाही. आता सांगा, बांबूच्या बेटात वाघ असता तर तो दिसलाच असता का? अजिबात नाही. ताडोबाचे गाइड एक वाक्य सगळ्याच पर्यटकांना ऐकवतात, "तुम्हाला तो दिसला नसेल, त्याला तुम्ही दिसलात." हे वाक्य सांत्वनासाठी म्हटलं जातं. तर्काच्या दृष्टीनं मात्र ते आमच्या सोबत्यांच्या वाक्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे.

गाइडचा दुसरा गुण अनुमानाचा. वानर खेकसलं, की तो गाडी थांबवायला सांगतो. आम्ही विचारलं, चितळ ओरडतंय, मग वाघ असेल ना? तो म्हणाला, "चितळाचं काही खरं नाही सर, ते कशालाही घाबरतं. सांबर ओरडलं की समजा." न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. धूर आहे तिथं अग्नी, हे चालतं. पण जो हेतू अग्नी नसतानाही आढळतो, त्याच्यावर अनुमान उभं राहत नाही. आम्हाला हे वर्गात समजावून द्यायला दोन तास लागायचे. त्या पोरानं दोन वाक्यांत सांगितलं. (टाळ्या) आणि आमच्या गाडीतले सहाच्या सहा पदवीधर त्या वेळी मोबाइलला रेंज शोधत होते.

दुसऱ्या दिवशी वाघीण दिसली. आता ज्यासाठी हे व्याख्यान स्वीकारलं, ते सांगतो. दुपारची सफारी होती. चंद्रपूरचा मे महिना, म्हणजे ऊन पंचेचाळीसच्या आसपास. वाघीण झाडीतून निघून पाणवठ्याकडे चालली होती. आमच्या पुढे चार-पाच जिप्सी, मागे तेवढ्याच. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती. तेव्हा आमच्या गाडीतून कुणीतरी चालकाला म्हणालं, "थोडं पुढं घे रे, तुझं वेगळं बघू." ते कुणीतरी म्हणजे आम्हीच. गाइड "नको" म्हणाला, पण चालकानं दहा-बारा फूट गाडी पुढे घेतली. मागच्यांनीही घेतली. वाघीण थांबली, आमच्याकडे पाहिलं, आणि पाण्यावर न जाता वळून बांबूत शिरली. गाडीत सगळे खूश, कारण वळताना तिनं तोंड दाखवलं होतं. फोटो उत्तम आला. घरी आल्यावर आम्ही तो पुसून टाकला. यात काही मोठेपणा नाही. तो बघवत नव्हता, इतकंच.

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. 'एफ-२' वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या वाटेवर होते, आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांनी त्यांना अडवून धरलं. चित्रफीत सगळीकडे पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले. लोक त्यांच्यावर संतापले, ते योग्यच आहे. पण आम्हाला त्या चित्रफितीत आमचं स्वतःचं वाक्य ऐकू येत होतं. गाडी चालक पुढे घेतो हे खरं, पण ती पुढे जावी अशी इच्छा मागच्या बाकावर बसलेली असते. तिच्यावर निलंबनाची कारवाई कोण करणार?

पर्यटक म्हणतात, "वाघाचं दर्शन झालं." शब्द फार मोठा आहे. आपण तत्त्वज्ञानालाही दर्शन म्हणतो आणि देवाला पाहण्यालाही. देवाच्या दर्शनात आपण देवाला पाहतो, तसा देवही आपल्याला पाहतो अशी भावना असते. म्हणून माणूस जरा अंग चोरून, चपला काढून उभा राहतो. 'साइटिंग'मध्ये पाहणारा एकच असतो. तिथं भाव 'पैसे वसूल झाले' एवढाच असतो. आपण तोंडानं दर्शन म्हणतो आणि वागतो साइटिंगच्या हिशेबानं, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

खरं दर्शन त्या जंगलात होतं. ताडोबा हे नावच मुळी 'तारू' या गोंड देवावरून आलं. कथा अशी की तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मारला गेला. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं झालं, पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरते. वाघानं ज्याला मारलं तो देव झाला, आणि तरी वाघ वैरी झाला नाही. या समजुतीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिली. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य, पुढं दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं तिथून उठली. टांझानियातल्या सेरेंगेटीची गोष्ट वेगळी नाही. तिथून १९५९ च्या सुमारास मसाई लोकांना बाहेर पडावं लागलं, आणि आज पर्यटकाला मसाई दिसतो तो लॉजच्या अंगणात नाचताना. कुणी म्हणेल, वाघासाठी मोकळी जागा लागते. लागते. आमचा प्रश्न एवढाच, की गावकऱ्याच्या बैलगाडीचा जिथं त्रास होतो, तिथं आमच्या जिप्सींचा कसा होत नाही?

मे महिना सफारीला उत्तम, असं सांगतात. पानं झडलेली असतात, पाणी कमी असतं, वाघ पाणवठ्यावर येतो. हाच काळ तेंदूपत्त्याचा. त्याच जिल्ह्यात, जंगलाच्या कडेच्या गावांतल्या बाया भल्या पहाटे पानं तोडायला रानात जातात. पुडके बांधून विकले तर पावसाळ्यापूर्वी हातात थोडे पैसे येतात. वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात ती बहुतेक अशीच, वाकून पानं किंवा मोहाची फुलं वेचताना. एकाच पहाटे, एकाच रानात, जिप्सीतला माणूस मनात म्हणतो, "दिस रे बाबा." आणि ती बाई म्हणते, "दिसू नको रे बाबा." वाघाला दोन्ही प्रार्थना ऐकू येत असतील तर तो बुचकळ्यात पडेल. (हशा) हसू नका, किंवा हसा, पण त्या बाईच्या जागी उभं राहून पुन्हा एकदा ऐका. आपल्या इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, तो याच दुसऱ्या प्रार्थनेचा भाग आहे.

आता दुसरी बाजू. सफारी बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशानं थांबवलं होतं, ऑक्टोबरात नियमावलीसह ते पुन्हा सुरू झालं. त्या वेळी आम्हाला बंदीच बरी वाटली होती. आज तसं वाटत नाही. मोहर्लीच्या पोरांना आणि पोरींना, हो, आता तिथं बायकाही गाइड आहेत, या कामानं गावातच रोजगार दिला. माणसांची ये-जा असली की चोरट्या शिकारीवरही नजर राहते. हे सगळं मान्य. आमची तक्रार यशाच्या मोजमापाबद्दल आहे. वाघ दिसला तर सफारी पास, नाही दिसला तर नापास, या मापामुळं गाइडवर दबाव येतो, चालकाला लालूच दाखवली जाते आणि वाघिणीचं पाणी तुटतं.

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले, पायी हिंडले, पाहिलेलं रेखाटत गेले. ते पुस्तक वाचताना वाघ दिसला की नाही याची आपल्याला फिकीर नसते, कारण वाळवीपासून वानरापर्यंत सगळ्यांना तिथं सारखी जागा आहे. मारुती चितमपल्लींनी तर आयुष्य रानात घालवलं आणि पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा करून मराठीला दिली. या दोघांकडे असलेली आणि आमच्याकडे नसलेली गोष्ट म्हणजे थांबण्याची तयारी. आपण गाडीतून उतरू शकत नाही, हे बरोबरच आहे. पण पाणवठ्यापासून लांब गाडी लावून, इंजिन बंद करून, अर्धा तास गप्प बसायला कुणी मनाई केलेली नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजतात. तिथं गेलेली माणसं वाघ दिसला नाही तरी रात्रभराचं सांगत बसतात.

ताडोबात 'माया' नावाची वाघीण होती. आम्हा वेदान्त शिकवणाऱ्यांना या नावाची गंमत वाटायची, की हजारो माणसं कॅमेरे घेऊन मायेच्या मागे लागली आहेत! ऑगस्ट २०२३ नंतर ती कुणाला दिसली नाही. नोव्हेंबरात जंगलात काही अवशेष सापडले, आणि डीएनए तपासणीतून ते तिचेच निघाले. जिचे अगणित फोटो निघाले तिचा शेवट कुणीही पाहिला नाही. आम्हाला यात एक न्याय वाटतो. तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहिलं.

शेवटी आपल्या अंबडकडे येतो. इथं वाघ नाही, पण बिबट्या आहे. गोदा-दारणेच्या उसात आहे, आणि अधूनमधून शहरातल्या वसाहतींत शिरतो. अकोले भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासानं दाखवलं, की बिबटे माणसांच्या वस्तीलगत, शेतात, बहुतेक वेळ कुणाच्या नजरेस न पडता राहतात. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून सोडवलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या २००९ साली माळशेजहून चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत किती गावं, किती माणसं! त्यानं कुणाला ओरखडाही काढला नाही. आणि आपल्या शहरात बिबट्या शिरला की काय होतं? पाचशे माणसं मोबाइल वर करून धावतात, गच्च्या भरतात, वनखात्याची माणसं हात जोडून "मागे व्हा" म्हणतात. घेरलेलं जनावर मग अंगावर येतं. ही सवय आपण कुठून शिकलो? आम्हाला वाटतं, जिप्सीतून. जनावर म्हणजे माझ्या फोटोचा विषय, हे एकदा अंगवळणी पडलं की ते घरामागं आलं तरी माणसाचे पाय पळण्याऐवजी पुढं सरकतात.

म्हणून एवढीच विनंती. या उन्हाळ्यात जाल, जरूर जा. गाइडला आधीच सांगा, वाघ नाही दिसला तरी चालेल, तुला जे ऐकू येतं ते आम्हाला शिकव. बक्षीस त्यासाठी द्या. परत आल्यावर कुणी "साइटिंग झाली का?" विचारलं, तर काय काय पाहिलं ते सावकाश सांगा. आणि चालकाला "थोडं पुढं घे" म्हणावंसं वाटलं, तर मे महिन्यातल्या त्या पाणवठ्याची आठवण ठेवा. ती वाघीण त्या दिवशी नंतर पाणी प्यायला आली की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.