जुळवलेले आकडे : पदवीच्या वर्गातलं मानसशास्त्र

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी मानसशास्त्राचा माणूस नाही. माझा विषय तत्त्वज्ञान. पण ज्या कॉलेजात आयुष्य गेलं, तिथे माझ्या खोलीला लागूनच मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. त्यामुळे शेजारच्या घरातलं जेवढं कानावर येतं, तेवढं माझ्याही कानावर आलं आहे. आणि हा शेजार जुनाच आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हा ते तिथे तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते. तेव्हा शेजाऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नका, पण ऐकून घ्या.

बी.ए.च्या प्रात्यक्षिकांत म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग अनेक ठिकाणी असतो. मूळ आकृती १८८९ सालची. सारख्याच लांबीच्या दोन रेषा. एकीच्या टोकांची पाती आत वळलेली, दुसरीची बाहेर फाकलेली. बाहेर फाकलेली रेषा लांब दिसते. समोर बसलेल्या माणसाने, म्हणजे प्रयुक्ताने, सरकती पट्टी मागेपुढे करून दोन्ही रेषा सारख्या करायच्या. किती मिलिमीटरची चूक झाली, तेवढा भ्रम.

आमच्याकडे रज्जुसर्पाचा दृष्टान्त आहे. अंधारात दोरीचा साप दिसतो, दिवा आणला की साप नाहीसा होतो. इथे मात्र तसं होत नाही. पट्टीने मोजा, दोन्ही सारख्या आहेत अशी खात्री करून घ्या, तरी ती एक लांबच दिसते. ज्ञान झालं तरी भ्रम उरतो! हे मी तासभर बोलून मुलांना पटवू शकत नसे, ते या प्रयोगात पाच मिनिटांत कळतं. म्हणून मला तो आवडतो. माझी तक्रार आहे ती त्यानंतर जर्नलमध्ये जे होतं त्याबद्दल.

एका वर्षीची गोष्ट. एका मुलीची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती. तिने कॉलेजातल्या शिपाईकाकांना प्रयुक्त म्हणून बसवलं. काकांच्या घरी पिढीजात सुतारकाम, स्वतः रंधा मारलेला माणूस. त्यांची चूक जवळजवळ शून्य आली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मुलगी खूश झाली. आकडे घेऊन ती मॅडमकडे गेली. पार्टिशनमधून मला उत्तर ऐकू आलं, ''अगं, असं येत नाही. बाहेरचे परीक्षक काय म्हणतील? पुस्तकात बघ आणि आकडे जरा नीट करून घे.''

ती माझ्याकडे तर्कशास्त्राला होती. दुपारी येऊन विचारलं, ''सर, चूक माझी झाली की काकांची?'' मी काय म्हणालो? ''आत्ता जर्नल पूर्ण कर, परीक्षा होऊन जाऊ दे.'' तिने आकडे जुळवले. मार्क चांगले पडले.

आता बघा. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स या तिघांनी हाच भ्रम निरनिराळ्या समाजांत तपासला आणि १९६६ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या लोकांची चूक मोठी होती, कलहारीतल्या सान लोकांची फार थोडी. का, यावर अजून वाद आहे. चौकोनी घरांत वाढल्यामुळे डोळ्यांना सवय लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सगळ्यांना मान्य नाही. पण न जुळणारा आकडा त्यांनी खोडला नाही, म्हणून तर वाद सुरू झाला. आमच्या काकांच्या एका निकालावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्यातून एक प्रश्न उभा राहत होता. आयुष्यभर लांबी जोखणाऱ्या माणसाचा डोळा वेगळा पाहतो का? हा प्रश्न आम्ही दोघांनी, मॅडमनी आणि मी, मारून टाकला.

आणि ज्या पुस्तकाशी आकडे जुळवायचे, ते कुणाच्या आकड्यांवर उभं आहे? जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकेतल्या प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांचा हिशेब मांडला. प्रयोगांतले सुमारे ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. त्यांतही मोठा भरणा कॉलेजच्या पोरांचा, बऱ्याचदा मानसशास्त्रच शिकणाऱ्या. म्हणजे तिकडच्या बी.ए.च्या मुलांचं मन आपण इकडच्या बी.ए.च्या मुलांना 'मानवी मन' म्हणून शिकवतो. २०१५ साली १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तर ४० हूनही कमी प्रयोगांत मूळ निष्कर्ष पुन्हा मिळाला. मला यात शास्त्राची नामुष्की दिसत नाही. स्वतःची झाडाझडती स्वतः घेणारं शास्त्र जिवंत असतं. पण आपल्या मुलांच्या नोट्समध्ये ही झाडाझडती किती पोचते? तिथे व्याख्या असतात, फायदे-तोटे असतात आणि पाच मार्कांच्या टिपा असतात.

शिक्षकांची बाजू मी जाणतो. वर्गात शंभर मुलं, सत्र संपत आलेलं, अर्ध्या जागा तासिका तत्त्वावर. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलाला आधी काहीतरी पक्कं द्यावं, शंका नंतर, असंही म्हणतात. यात तथ्य आहे. पाढे आले नाहीत तर गणित कसं येणार? पण पाढे पाठ करणं वेगळं आणि उत्तर बघून रीत लिहिणं वेगळं. आपण दुसरं शिकवतो आणि त्याला पहिलं म्हणतो.

यात गमावण्यासारखं काय आहे, ते सांगतो. या वर्गातली कितीतरी मुलं 'मला माणसं समजून घ्यायचीत, समुपदेशक व्हायचंय' म्हणून आलेली असतात. बी.ए. झाल्याझाल्या कुणी चिकित्सक होत नाही, पुढे बरंच शिकावं लागतं. पण सवय इथेच लागते. ज्याने पुस्तकासाठी आकडा जुळवला, तो उद्या पुस्तकासाठी माणूस जुळवील. समोरची बाई म्हणेल, ''मला उदास वाटत नाही, मला राग येतोय,'' आणि हा लिहील, ''उदासीनता.''

उपाय म्हणून माझं एकच मागणं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. जर्नलमध्ये 'निष्कर्ष' या मथळ्याच्या खाली आणखी एक मथळा हवा, 'काय जुळलं नाही'. आणि मार्क त्याला द्या. परीक्षकाने तेवढंच पान आधी उघडावं.

ती मुलगी पुढे बँकेत लागली. काकाही निवृत्त झाले. त्यांचे खरे आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते, ते खोडरबराने गेले. ''चूक माझी की काकांची?'' याचं उत्तर मी तिला तेव्हा द्यायला हवं होतं. मुली, चूक माझी होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ. न जुळणारे असतील तर आधी.