अळीने घडवलेला दागिना कोणाचा?

निसर्गावरून दागिने घडवणारे कलावंत पुष्कळ झाले. रने लालिकचंच घ्या. १८९७-९८च्या सुमारास त्याने चतुराच्या तोंडातून बाहेर येणारी स्त्री घडवली. लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात ती आहे. पण त्यात त्या चतुराने काय केलं? काहीच नाही. पाहिलं लालिकने, घडवलंही त्यानेच.

फ्रेंच कलावंत उबेर द्युप्रा यांच्या प्रयोगांच्या चित्रफिती पाहताना मात्र आपण अडतो. कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी ओढ्याच्या तळाशी राहते. तोंडाजवळच्या ग्रंथीतून रेशीम काढते आणि त्याने वाळूचे कण, काटक्या चिकटवून अंगाभोवती नळीसारखा कोश करते. १९८०च्या दशकापासून द्युप्रा या अळीला तिच्या कोशातून अलगद बाहेर काढून टाकीत सोडतात. टाकीत वाळू नाही. सोन्याचे कण, मोती, नीलमणी आहेत. अळी मुकाट्याने सोन्याचा कोश बांधते!

आता कांट काय म्हणतो? १७९० सालच्या आपल्या ग्रंथात तो मधमाशीच्या पोळ्याला कला म्हणायला तयार नाही. कारण त्यामागे विचारपूर्वक केलेली निवड नाही. हे आपल्याला पटतं. पण मग हा दागिना निव्वळ द्युप्रांचा म्हणायचा का? त्यांनी तर एकही मणी बसवलेला नाही. कुठला कण कुठे बसेल, हे अळीच ठरवते.

आमचं म्हणणं असं, की बांधणी अळीची, पण ‘दागिना’ द्युप्रांचा. अळीच्या लेखी सोनं आणि वाळू सारखीच. दोन्ही अंग झाकतात. मोल आपण लावतो. तिथेच चित्रफितींची उणीवही आहे. कॅमेरा चकाकीवर खिळतो आणि पहिली कृती झाकली जाते: आधी कोणाचं तरी घर काढून घेतलेलं असतं. निसर्गाशी सहयोग म्हणून याचं कौतुक होतं. पण ज्याला नकार देता येत नाही, त्याच्याशी सहयोग कसला?

तरीही हे काम आम्हाला मोठं वाटतं, ते एका गोष्टीमुळे. वाढ पुरी झाली की कीटक कोश सोडून उडून जातो. सोनं मागे राहतं, आपल्यासाठी. दागिना कोणासाठी असतो, या प्रश्नाचं उत्तर त्या रिकाम्या नळीत आहे.