वस्तुकेंद्री विदासंग्रह व पृच्छाभाषा
वस्तुकेंद्री विदासंग्रह : माहिती सारण्यांच्या ओळींत न विभागता ‘वस्तू’च्या रूपाने, म्हणजे तिचे गुणधर्म, तिच्या क्रिया व तिची कायम ओळख यांसह, साठविणारी संगणकीय प्रणाली. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले सारण्यांचे संबंधात्मक प्रतिमान बँकेच्या खात्यांना सोयीचे ठरले. तथापि यंत्राच्या आराखड्यात एका जोडणीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी असते. अशा रचनेचे तुकडे सारण्यांत विखरून दरवेळी पुन्हा जुळविणे जाचक होई. या अडचणीतून १९८०–९० या दशकात अमेरिकेत जेमस्टोन, फ्रान्समध्ये ओ-टू इ. प्रणाली निर्माण झाल्या.

मॅल्कम ॲटकिन्सन व अन्य पाच संशोधकांनी १९८९ मध्ये अशा प्रणालींचा जाहीरनामा मांडला. त्यातील १३ अनिवार्य लक्षणांत पृच्छेची सोय अखेरची आहे. हा क्रम योगायोगाचा असेल. पुढील इतिहास पाहता तो सूचक वाटतो. वस्तूचा अंतर्भाग झाकलेला असावा व तिच्याशी व्यवहार तिच्या क्रियांद्वारेच व्हावा, हे या विचाराचे मूलतत्त्व होय. पृच्छेला मात्र अंतर्भागच पाहावयाचा असतो. शिवाय क्रियेच्या आत काय घडते हे अज्ञात असल्यास उत्तराचा कमी खर्चाचा मार्ग प्रणालीला निवडता येत नाही. ऐनवेळच्या पृच्छांपुरती आवरणाची गरज कमी असते, असे जाहीरनाम्याने म्हटले. त्याने हा विरोध मिटला नाही.

ओ-टूच्या भाषेवरून घडलेली व ओडीएमजी या संघटनेने १९९३ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध केलेली ओक्यूएल ही या संप्रदायाची उत्तम निर्मिती होय. ‘भाग.पुरवठादार.शहर’ असा मार्ग लिहिला की तीन सारण्या जोडण्याचे काम उरत नाही. प्रकार जुळत असल्यास कोणतीही पदावली दुसरीत बसविता येते. ही एकसूत्रता तत्कालीन एसक्यूएलमध्ये नव्हती. विद्यमान वस्तूंत बदल करण्याची आज्ञा मात्र तीत नाही. ते काम क्रियांवर सोपविलेले आहे.

दुर्दैवाने अनेक उत्पादकांनी ही भाषा अर्धवटच उतरविली. सी++ मधील आज्ञावली निर्देशकांमागून वेगाने धावत. पण पूर्वी न सुचलेला प्रश्न विचारावयाचा तर नवी आज्ञावली लिहावी लागे. कॉड यांनी ज्या परावलंबनातून सुटका शोधली होती, तेच येथे परतले. मायकेल स्टोनब्रेकर व सहकाऱ्यांनी १९९० च्या प्रतिजाहीरनाम्यात घेतलेला आक्षेप या बाबतीत रास्त होता. १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणाने वस्तूंचे काही विशेष आत्मसात केले आणि २००१ मध्ये ओडीएमजी विसर्जित झाली. ओक्यूएलमधील मार्गलेखनाचीच पद्धत जावाच्या २००६ मधील प्रमाण पृच्छाभाषेत दिसते; त्या भाषेच्या खाली मात्र बहुधा सारण्याच असतात.