पूल कोणासाठी?

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा १९५७ सालचा चित्रपट महाविद्यालयात असताना प्रथम पाहिला, तेव्हा सैनिकांची शिट्टी आणि शेवटी कोसळणारा पूल एवढेच लक्षात राहिले होते. निवृत्तीनंतर तो पुन्हा पाहिला आणि पिएर बूलच्या १९५२ सालच्या मूळ फ्रेंच कादंबरीचा इंग्रजी अनुवादही वाचला. या खेपेस पूल कोसळण्यापेक्षा तो उभा राहण्याचीच अधिक धास्ती वाटली.

कथानक बहुतेकांस परिचित असेल. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडलेल्या ब्रिटिश सैनिकांना सयाम–ब्रह्मदेश रेल्वेसाठी पूल बांधावयाचा आहे. अधिकाऱ्यांकडून अंगमेहनत करून घेणे जिनिव्हा कराराच्या विरुद्ध आहे, या मुद्द्यावर कर्नल निकल्सन छावणीप्रमुख सायतोचा छळ सोसतो. पण वाकत नाही. अखेर सायतोच नमतो. इथवर आपण निकल्सनच्या बाजूचे असतो. पुढे मात्र सैनिकांची शिस्त आणि मनोबल टिकावे म्हणून हाच निकल्सन शत्रूसाठी उत्तमातला उत्तम पूल बांधण्याचा विडा उचलतो.

डेव्हिड लीनच्या दिग्दर्शनाचा कळस, माझ्या मते, अखेरच्या स्फोटात नसून इस्पितळाच्या झोपडीत आहे. मुदत जवळ आली आहे, माणसे अपुरी पडत आहेत. निकल्सन आजाऱ्यांत जातो आणि हलके काम झेपेल अशांना उठवतो. ज्या तत्त्वासाठी त्याने कोठडीतली होरपळ सोसली, तेही आता त्याने आपण होऊन सोडले आहे. अधिकारीही हाताने काम करणार आहेत. हे शत्रूला साह्य नव्हे काय, या डॉक्टर क्लिप्टनच्या प्रश्नाचे मर्म त्याला कळतच नाही. ॲलेक गिनेसने या माणसाला कुठेही खलनायक केलेले नाही. तो सौजन्याने बोलतो, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

शेवटाबाबत मात्र मी कादंबरीच्या पक्षाचा आहे. चित्रपटात निकल्सनला अखेरच्या क्षणी आपली चूक उमगते, तो सुरुंगाच्या दांड्यावर कोसळतो आणि पूल उडतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. बूलने ही सुटका दिलेली नाही. त्याच्या कादंबरीत पूल शाबूत राहतो. कर्तव्याच्या धुंदीत असलेल्या माणसाला ऐन वेळी जाग येतेच, असे अनुभव सांगत नाही.

इतिहासाशी मात्र दोघांनीही न्याय केलेला नाही. प्रत्यक्षातील ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी हे निकल्सनच्या अगदी उलट होते. आपल्या माणसांना जपत त्यांनी कामात शक्य तितका खोडा घातला. जपानी अभियंते चित्रपटातल्यासारखे अडाणी नव्हते. सुमारे ४१५ किलोमीटरच्या त्या रेल्वेमार्गावर १२,००० हून अधिक युद्धकैदी मेले. त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, आणि त्यांत मलायातील तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. पडद्यावर त्यांना जवळजवळ स्थानच नाही.

पूल पुरा झाल्यावर निकल्सन त्यावर सैनिकांच्या श्रेयाची पाटी ठोकतो. गंमत अशी की, या चित्रपटाची स्वतःची पाटीही खोटी होती. कार्ल फोरमन व मायकेल विल्सन हे खरे पटकथाकार हॉलिवुडच्या काळ्या यादीत असल्याने पटकथेचे ऑस्कर बूलच्या नावे गेले. त्या दोघांना ते १९८४ साली, मरणोत्तर मिळाले.

त्या पाटीशी मी थबकलो. तालुक्याच्या एका गावी मी आठवडी बाजाराचे ओटे ३१ मार्चपूर्वी बांधून घेतले होते. निधी परत गेला नाही, पाटी लागली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. भाजीवाल्या बायका मात्र जुन्या रस्त्यावरच बसत राहिल्या; ओटे वस्तीपासून दूर पडतील, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मी ते टिपणात नोंदवले आणि पुढच्या कामाला लागलो.

संध्याकाळी पुलावर उभा राहून निकल्सन आपल्या २८ वर्षांच्या सेवेची गोळाबेरीज करतो. आयुष्यात मागे काही उरेल का, एवढीच त्याची चिंता आहे. तो प्रश्न मलाही पडतो. त्याने न विचारलेला दुसरा प्रश्न असा, की जे उरेल ते कोणाच्या कामाचे? सेवेत असतानाच हा चित्रपट पुन्हा पाहावयास हवा होता.