चांदण्याची साक्ष : ध्रुवप्रकाशाच्या छायाचित्रांबद्दल

ध्रुवप्रकाशाचं, म्हणजे आपण नॉर्दर्न लाइट्स म्हणतो त्याचं, एक छायाचित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कोणाचं ते विचारू नका. हजारो जणांनी तेच काढलंय. खाली काळा डोंगर, वर हिरव्यागार ज्वाळा. आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सोला जाऊन आलेलं माणूस जरा खासगीत विचारलं की सांगतं, "अहो, आम्हाला आधी ढगच वाटला. पांढुरका. मोबाइल धरला तेव्हा कळलं, हिरवा आहे!"

या तक्रारीवरून कॅमेऱ्याला खोटं ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. तो हिरवा खराच आहे. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू तो प्रकाश देतात. मंद उजेडात आपल्याच डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. झोत जोरदार असला तर कळतात. तेव्हा रंग खरा की खोटा हा वाद नाहीच. वाद आहे, किती? आणि काळ्या डोंगराच्या चित्रात हे 'किती' सांगणारं काही नसतं. हिरवा दुप्पट करा, डोंगर काळाच. तो काही बोलत नाही.

जुन्या लोकांना ही चैन नव्हती. सोफुस ट्रोमहोल्टनं १८८२-८३च्या हिवाळ्यात नॉर्वेतल्या काउटोकेनोला प्रयत्न केला. काचेवर काही उमटेना. (त्यानं मग तिथल्या सामी माणसांची छायाचित्रं काढली, ती अप्रतिम आहेत. पण तो वेगळा विषय.) १८९२च्या जानेवारीत मार्टिन ब्रेंडेलला एक धूसर पट्टा मिळाला. आणि १९१०पासून कार्ल स्टॉर्मर! गणिताचा माणूस. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे, मध्ये टेलिफोन, एकाच क्षणी दोन छायाचित्रं. मागच्या ताऱ्यांवरून तो प्रकाशाची उंची काढायचा. त्याच्या चित्रांत तारे शोभेला नाहीत, ते मोजपट्टी आहेत.

आज ती मोजपट्टी कुठं मिळेल? माझं उत्तर आहे, चांदण्यातलं बर्फ. छायाचित्रकारांना सल्ला मिळतो तो उलटा : चंद्र टाळा, अमावास्येच्या आसपास जा. फिकट प्रकाश चांदण्यात बुडतो, हे खरंच आहे. बुडू दे की! जो उरतो तो जोरदार असतो, आणि त्याच्या शेजारी पांढरं बर्फ असतं. तुम्ही आकाशाचा हिरवा ताणलात की बर्फालाही ताप येतो. चांदण्यातलं बर्फ शेवाळी दिसायला लागलं, की पाहणाऱ्याला पत्ता लागतो. (फक्त आकाशच निवडून रंगवता येतं म्हणाल, तर येतं. पण मग डोंगराच्या कडेला शिवण दिसते.)

शिवाय जमीन आधीच उजळलेली असल्यानं ती दिसावी म्हणून वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवावं लागत नाही. ध्रुवप्रकाशाच्या पडद्याच्या चुण्या सेकंदा-सेकंदाला हलतात. लांब एक्स्पोजरमध्ये त्यांचं हिरवं पिठलं होतं. चांदण्यात चार-पाच सेकंदांत भागलं, तर चुण्या चुण्या राहतात.

आता माझ्याच पक्षाचा दोष सांगतो. चांदण्याचा मोह भयंकर. डिसेंबरात तिथं सूर्य उगवत नाही, पण पौर्णिमेचा चंद्र चांगलाच वर चढतो, कित्येकदा चोवीस तास मावळतही नाही. एवढा उजेड मिळाल्यावर एक्स्पोजर जरा जास्त झालं की आकाश निळं, बर्फ लख्ख. दुपारी कोणी हिरवी ओढणी वाळत घातल्यासारखं. चांदणं म्हणजे परत फिरलेलं ऊनच, कॅमेरा त्याला ऊन करून दाखवतो. रात्र गेली तर उरलं काय? मला अशी चित्रं त्या काळ्या डोंगराइतकीच नापसंत आहेत. बर्फ राखाडीकडे झुकलेलं हवं, झाडाखाली काय आहे ते कळता कामा नये. हे जमवायला पडद्यावर नव्हे, तिथं थंडीत उभं असताना हात आखडता घ्यावा लागतो.

आणि एक बारीक गोष्ट. मध्यरात्री पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला असतो. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की चंद्र पाठीशी येतो, आणि छायाचित्रकाराची स्वतःची सावली, तिपाईसकट, समोरच्या बर्फावर पडते. बहुतेक जण बाजूला सरकतात, नाहीतर ती नंतर पुसतात. मला ती चौकटीत राहिलेली आवडेल.