स्वतंत्र गीतकाराच्या नव्या गाण्याचा प्रसार आणि नाममुद्रेचा प्रश्न : वामनदादा कर्डक यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीचा, चित्रपटसंस्थेचा किंवा आकाशवाणीसारख्या माध्यमाचा आधार नसताना नवे गाणे श्रोत्यांपर्यंत कसे पोहोचवावे, हा प्रश्न आज महाजालाच्या संदर्भात पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्याची उत्तरे बहुधा तंत्राच्या भाषेत दिली जातात. गाणे कोणत्या दिवशी प्रकाशित करावे, चित्रफीत किती सेकंदांची असावी, अनुयायी कसे वाढवावेत, असे त्यांचे स्वरूप असते. परंतु हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रातील जलसे आणि गायन पार्ट्या यांनी तो विसाव्या शतकातच आपल्या परीने सोडविला होता. प्रस्तुत लेखात लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतप्रसाराच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. गाणे दूरवर पोहोचणे आणि त्याबरोबर गाणे रचणाऱ्याचे नाव पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी असून स्वतंत्र कलावंताची खरी कसोटी दुसऱ्या गोष्टीत आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

‘स्वतंत्र’ या संज्ञेचा अर्थ :
सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या लोकप्रिय चौकटीत नवा आशय भरला. त्याच वाटेने पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा याच परंपरेचे वारसदार होत. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना ते प्रौढ वयात अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गीतरचना करू लागले. त्यांची काही गीते मराठी चित्रपटांतही आली. तथापि त्यांची ओळख घडली ती गावोगावच्या उघड्या मैदानांवर.

या अर्थाने वामनदादा बाजारापासून स्वतंत्र होते. मात्र श्रोत्यांपासून ते स्वतंत्र नव्हते. कार्यक्रम ठरविणारी जयंती मंडळे, बिदागी गोळा करणारी वस्ती आणि मुक्कामाची सोय करणारे घर यांच्यावर त्यांची सारी भ्रमंती अवलंबून होती. त्यामुळे ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणजे कोणावरही न विसंबणारा कलावंत, हा समज तपासून घ्यावा लागतो. कंपनीवरील अवलंबन नाकारणाऱ्या कलावंताला समूहावर विसंबावे लागते. कोणावर विसंबायचे याची निवड करता येणे, हाच येथे स्वातंत्र्याचा व्यवहार्य अर्थ आहे.

प्रसाराची व्यवस्था : तिथी, चाल आणि पुस्तिका :
वामनदादांच्या पिढीतील गायकांपाशी जाहिरातीसाठी पैसा नव्हता, परंतु तीन साधने होती.

पहिले साधन तिथीचे. १४ एप्रिलची जयंती, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लोटणारा जनसमुदाय, यांमुळे वर्षाचे एक निश्चित वेळापत्रक तयार झाले. नव्या गाण्यासाठी श्रोते जमवावे लागत नव्हते. ते आधीच जमलेले असत आणि त्यांना गाण्याची गरज असे. मैदानात ऐकलेले गाणे आपापल्या गावी नेणारा श्रोता हाच त्याचा पुढचा प्रचारक ठरे.

दुसरे साधन चालीचे. लोकगीत, कव्वाली किंवा गाजलेले चित्रपटगीत यांच्या परिचित चालीवर नवे शब्द बांधले की स्वरलिपी न जाणणारा श्रोताही ते गाणे दुसऱ्या दिवशी गाऊ शकतो. गीतपुस्तिकांत गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ नोंदविण्याची प्रथा याच गरजेतून आली. ऐकणाऱ्याला गाणारा करणे, हे या प्रसाराचे मर्म होते. अर्थात या सोयीची किंमतही होती. चाल उसनी असल्यामुळे रसिकांची आणि समीक्षकांची दृष्टी आशयावर खिळली, आणि या गीतांच्या सांगीतिक बाजूचा स्वतंत्र विचार फारसा झाला नाही.

तिसरे साधन पुस्तिकेचे. जत्रेत आणि अभिवादनाच्या मैदानात पथारीवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त गीतपुस्तिका, नंतरच्या काळात ध्वनिफिती आणि तबकड्या, ही या गाण्यांची बाजारपेठ होती. विक्रेता, गायक आणि ग्राहक एकाच परिसरात वावरत असल्यामुळे गाण्याला मिळालेला प्रतिसाद गायकाला लगेच कळत असे. कोणते कडवे लोकांनी पुन्हा म्हणायला लावले, हे त्याला अहवालावाचून समजत होते.

नाममुद्रा : गाण्यातच कोरलेले नाव :
या व्यवस्थेचा मोठा धोका असा की, गाणे जितके लोकांचे होते तितके ते रचणाऱ्याचे राहत नाही. एक गायक दुसऱ्याचे गाणे उचलतो, तिसरा त्यात भर घालतो आणि चौथ्या गावी ते निनावी होऊन पोहोचते. वामनदादांनी १९४३ मध्ये लेखन सुरू केले, तर त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ मध्ये आणि ‘मोहळ’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधली तीन दशके त्यांची गाणी प्रामुख्याने कंठातून कंठात फिरत होती. या काळात कवीचे नाव टिकविले ते अखेरच्या कडव्यात येणाऱ्या ‘वामन’ या मुद्रेने.

ही युक्ती संतांच्या अभंगांपासून आणि शाहिरांच्या कवनांपासून चालत आली आहे. मुद्रेकडे सामान्यतः भक्तीची किंवा नम्रतेची खूण म्हणून पाहिले जाते. परंतु छापखाना आणि कायदा यांच्या आधीच्या समाजात ती कर्तृत्वाची नोंदही होती. नाव यमकात आणि लयीत असे गुंतविलेले असते की ते काढले तर ओळ मोडते. यंत्रयुगातही हीच गरज वेगळ्या रूपाने दिसली. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान यांनी गायनाच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारून ठेवले. ज्या वस्तूबरोबर आपण जाऊ शकत नाही, तिच्यात आपले नाव ठेवून द्यावे लागते.

मुद्रा अभेद्य नव्हती, हेही नमूद करणे आवश्यक आहे. संतांच्या नावावर प्रक्षिप्त रचना आल्या त्या मुद्रेचाच आधार घेऊन. शिवाय गायक अखेरचे कडवे गाळू शकतो. म्हणजे नाव टिकण्याची हमी शेवटी गाणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरच राहते.

ध्वनिफितीपासून मोबाईलपर्यंत :
१९८० च्या दशकात ध्वनिफीत स्वस्त झाली आणि छोट्या कंपन्यांनी प्रादेशिक गीतांचे मोठे दालन उघडले. गाण्याचा पल्ला वाढला, पण वेष्टनावर गायकाचा चेहरा ठळक आणि गीतकाराचे नाव बारीक, अशी एक श्रेणी रूढ झाली. महाजालावर ही श्रेणी अधिक तीव्र झाली आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कडुबाई खरात यांचे एकतारीवरील गायन मोबाईलवर चित्रित होऊन सर्वदूर पोहोचले. कंपनीशिवाय आवाज पोहोचू शकतो, याचा हा आनंददायक पुरावा होय. परंतु अशा वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यात अखेरचे कडवे येतेच असे नाही, आणि ज्यात मुद्रा असते ते कडवेच प्रथम गळते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आजच्या व्यवस्थेत मुद्रेची जागा नोंदींनी घेतली आहे. ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तसेच गीतकार आणि संगीतकार यांच्या नावांचे रकाने वितरणापूर्वी भरावे लागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि हा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरही उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण दिले. कायदा अनुकूल असला तरी रिकामा ठेवलेला रकाना कायदा भरून देत नाही. घाईने टाकलेल्या गाण्यात गीतकाराचा रकाना रिकामा राहिला, तर ती आधुनिक काळातील गाळलेली मुद्राच होय.

संख्येच्या निकषाचीही येथे दखल घ्यावी लागते. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातून वगळले आहे. मैदानातील दोनशे श्रोते हे जलशाच्या दृष्टीने भरलेले मैदान होते. या नव्या हिशेबात तेच दोनशे जण प्रत्येकी एकदाच ऐकतील तर त्यांची गणती शून्यात होते. अशा वेळी संख्येलाच यश मानणारा स्वतंत्र कलावंत आपल्या खऱ्या श्रोत्यांना कमी लेखू लागण्याचा धोका संभवतो.

मर्यादा :
वामनदादांची वाट आजच्या प्रत्येक गायकाला जशीच्या तशी घेता येणार नाही. त्यांच्या मागे चळवळ होती आणि श्रोत्यांसाठी ते गाणे करमणुकीपेक्षा अधिक होते. त्याचबरोबर प्रसंगाच्या मागणीने आशयावरही बंधन येते. जयंतीच्या मंचावर जे मागितले जाते ते वारंवार गायले जाते, आणि त्याच कवीची इतर विषयांवरील रचना मागे पडते. समूहाचा आश्रयही अखेर आश्रयच असतो, याचे भान ठेवल्याशिवाय या परंपरेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

निष्कर्ष :
१. नव्या गाण्याचा प्रसार ही रचनेनंतरची वेगळी पायरी नाही. चाल, मुद्रा आणि प्रसंग यांच्या निवडीतून ती रचनेतच सुरू होते.
२. स्वतंत्र कलावंताने आपले गाणे किती जणांपर्यंत जाईल यापूर्वी ते कोणाला हवे आहे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.
३. गाण्याबरोबर कर्त्याचे नाव जाईल अशी तजवीज पूर्वी कडव्यात करावी लागे, आज ती नोंदीत करावी लागते. ही तजवीज प्रसाराचा अविभाज्य भाग मानली पाहिजे.
४. दुसऱ्याचे गाणे गाणाऱ्या प्रत्येकाने कवीचे नाव मंचावर उच्चारणे, हा कायद्याहून जुना आणि आजही विनामूल्य असलेला उपाय आहे.

वामनदादांची गाणी त्यांच्या निधनानंतरही गावोगावी गायली जातात. ती गाताना अखेरचे कडवे गाळले जाऊ नये, इतकी अपेक्षा त्या कवीच्या कष्टांच्या मानाने फार मोठी नाही.