चांदण्यातला च

चंद्र म्हणून पाहा, मग चांदणं म्हणून पाहा. पहिल्या शब्दात जीभ टाळूला टेकते. दुसऱ्यात ती दातांच्या मागे सरकते आणि च हलकेच घासून बाहेर येतो. कागदावर मात्र दोन्हीकडे एकच अक्षर. चार आणि चाक, जग म्हणजे दुनिया आणि ‘शंभर वर्षं जग’ हा आशीर्वाद, सगळीकडे हीच गत. आपल्या लिपीने हा भेद लिहिलाच नाही. कानाने कळेल म्हणून सोडून दिला. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला तो कानाने कळतोही. शहपुऱ्यात कळत नाही.

शहपुरा हे जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना लागणारं गाव. हिवाळ्यात इकडच्या शेतांतून हिरव्या वाटाण्याची पोती निघतात. १८१७ पर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत जबलपूर-नागपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे या बाजूला मराठी घरं पूर्वीपासून आहेत. माझा भाचा मात्र नोकरीपायी अलीकडे इथे आला. त्याची बायको जबलपूरची, घरातली बोली हिंदी. मुलगा दुसरीत, हिंदी माध्यमात. नागपूरच्या आजीने पाठवलेलं बालभारतीचं पुस्तक त्याने माझ्यासमोर उघडलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. देवनागरी ओळखीची, त्यामुळे कुठे अडला नाही. पण शाळेची ‘शाला’ झाली, डोळ्यांचे ‘डोले’ झाले आणि चांदणीचा च थेट चंद्राचा. त्याची चूक नव्हती. पानाने जेवढं सांगितलं तेवढं त्याने वाचलं होतं.

मग पानावरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर त्याने आईचा फोन धरला. एका बाईंचा आवाज आला, सावकाश, शब्द सुटे करून म्हणणारा. चांदणी आली तसा तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी त्याचे ओठ हलले.

कवितेचं रसग्रहण करतात, तसं या चौकोनाचं करावं असं मला तेव्हापासून वाटतं आहे. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा यांनी घडवला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. ‘गो’ नावाच्या खेळाच्या पटावरच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून त्यांना ही मांडणी सुचली. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ आहे, आणि ते सहज ठरवलेलं नाही. छापील कागदांवर सगळ्यांत क्वचित आढळणारं प्रमाण कोणतं, हे मासिकं, पत्रकं, खोकी तपासून त्यांनी शोधलं. म्हणजे आजूबाजूला कितीही अक्षरं नि चित्रं असली तरी यंत्राची नजर नेमकी तिथेच जावी. या तीन कोपऱ्यांमुळे वरची बाजू कुठली तेही कळतं. मूल पुस्तक उलटं धरो, फोन तिरका धरो, चौकोन रुसत नाही.

त्याहून मला आवडते ती त्याची सोशिकता. माहिती त्यात अशी विणलेली असते की चूक-दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून सगळं वाचता येतं. कारखान्यातल्या तेलाच्या डागांसाठी केलेली ही सोय भाजीच्या हळदीलाही चालते आणि पेन्सिलच्या गिरगोट्यालाही. लहान मुलाच्या हातात द्यायच्या वस्तूत हा गुण असायलाच हवा. दीक्षा या सरकारी मंचाच्या चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेतही छापलेला असतो. कॅमेरा धड नसला तर तो टाइप करून तोच धडा उघडतो. आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही चालतो.

मोटारीच्या भागांवरचा हा चौकोन पाठ्यपुस्तकाच्या पानावर आला, त्या वाटेवर सोलापूर जिल्हा लागतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि कोठाराच्या मध्ये दबलेली. कित्येक मुलींच्या घरची भाषा कन्नड, पुस्तक मराठी. डिसले कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी नव्याने बेतली आणि पानांवर कोड छापले: कुठे कवितेचा आवाज, कुठे गोष्ट, कुठे चित्रफीत, कुठे स्वाध्याय. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड आले, २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही ते जाहीर झाले. ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’साठी त्यांचं नाव पुकारलं गेलं. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्या त्या रकमेच्या झाल्या. माझं मन मात्र गुरुजींनी कन्नड शिकण्यापाशी थांबतं. चौकोन छापणं त्यानंतरचं काम. ज्याच्या कानासाठी आवाज ठेवायचा, त्या कानाला आधीपासून काय येतं हे त्यांनी आधी जाणून घेतलं. कन्नडमध्ये ळ आहे. त्या मुलींना ‘शाळा’ म्हणायला कष्ट पडणार नाहीत. चांदण्यातला च मात्र तिथे नाही. शहपुऱ्यातल्या मुलाला दोन्ही नवे. एकाच पानाला मुलागणिक वेगळा आवाज लागतो, आणि कुठला ते शिक्षकालाच ठरवावं लागतं.

म्हणून वर्गात कोडमागे काय ठेवावं याबद्दल माझं मत पक्कं आहे: पाचसहा वर्षांच्या मुलांसाठी आधी आवाज, चित्रफीत मागाहून आणि बेताने. हलतं चित्र लागलं की डोळे तिकडे जातात, पुस्तक मांडीवरून घसरतं, आणि चांदणी कशी दिसते हेही पडदाच ठरवून टाकतो. नुसता आवाज असला की डोळे मोकळे राहतात. बोट ओळीवरून चालतं, कान पुढे धावतो, ऐकलेला शब्द आणि छापलेला शब्द एका जागी भेटतात. वर्गात एक फोन आणि एक छोटा स्पीकर एवढं पुरतं. बाई कडव्याच्या शेवटच्या शब्दाआधी बोट ठेवून आवाज थांबवतात, सगळा वर्ग तो शब्द ओरडतो, मग पुन्हा लावून आपलं बरोबर आलं का ते पाहतो. त्या थांबवण्यात सगळी कला आहे. कुठे थांबायचं, कोणाकडे बघून थांबायचं, हे कोणत्याही कोडात भरता येत नाही.

मुलाच्या हातात काय द्यावं, हा प्रश्न जुनाच आहे. बालशिक्षणाच्या कामासाठी ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालवाडी चालवली ती गारगोट्या, बिया, पानं, शिंपले यांवर. परवडतं म्हणून, आणि मुलाला ते उचलता येतं, उलटंपालटं करता येतं, हवं तितक्या वेळा पुन्हा मांडता येतं म्हणूनही. फोनमधल्या शंभर गोष्टी या कसोटीला उतरत नाहीत. मूल त्यांच्यापुढे नुसतं बसून राहतं. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकता येणारी दोन मिनिटांची कविता उतरते. आणि ज्या वर्गात बाई मुलांचाच आवाज नोंदवून त्याचा कोड भिंतीवरच्या चित्राशेजारी चिकटवतात, तिथे तर मूल स्वतःच शिंपला आणून ठेवतं. ‘हा माझा आवाज आहे’ असं म्हणत ते आईला हाताला धरून भिंतीपाशी नेतं.

शहपुऱ्याहून निघायच्या दिवशी भाच्याच्या मुलाने पुस्तक पुन्हा आणलं. या वेळी फोन नव्हता, पेन्सिल होती. हिंदीच्या वर्गात ज खाली टिंब देऊन ‘ज़मीन’ लिहायला तो शिकला होता. त्याने चांदणीच्या च खाली तसंच टिंब दिलं होतं, चाकाच्या च खालीही. चंद्राचा च मात्र कोरा ठेवला होता.